म्हातारा नवरा, तरुण बायको आणि मधेच कॉलेजचा पोरगा

मागच्या अंकात चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कॅन्टरबरी टेल्स’मधल्या (यात्रेला निघालेली माणसं वाटेत एकेक गोष्ट सांगतात, ते पुस्तक) व्यापाऱ्याच्या गोष्टीबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. इटलीतल्या पाविया गावचा जानुअरी नावाचा साठीचा सरदार, आयुष्यभर नको ते उद्योग करून झाल्यावर त्याला अचानक लग्नाचं पुण्य आठवतं, आणि अट काय तर बायको विशीच्या वरची नको! मे नावाची पोरगी मिळते. घरातलाच डॅमियन नावाचा तरुण नोकर तिच्यासाठी झुरायला लागतो. पुढे जानुअरी आंधळा होतो, संशयाने तिचा हात म्हणून सोडत नाही, आणि शेवटी बागेतल्या नाशपातीच्या झाडावर चढता यावं म्हणून स्वतःच वाकून तिला पाठीची पायरी करून देतो, वर डॅमियन आधीच बसलेला. नेमकी तेव्हाच प्लुटो देव त्याला दृष्टी देतो, म्हातारा बोंब ठोकतो, आणि मे शांतपणे म्हणते की झाडावर पुरुषाशी झटापट केली की तुमचे डोळे बरे होतील असं मला सांगितलं होतं, झाले की नाही बरे? आणि तो ते मानतो.

आता पत्रं घेऊ.

प्रश्न: एम.ए.ला चॉसर होता तेव्हापासून डोक्यात आहे. मिलरची गोष्ट घ्या, व्यापाऱ्याची घ्या, बोकाच्चो घ्या, सगळीकडे नवरा म्हातारा आणि बावळट, बायको तरुण आणि चालू. खरंच अशी लग्नं व्हायची का, की हे नुसतं लिहिणाऱ्यांच्या डोक्यातलं?

वयाचं म्हणाल तर निदान फ्लॉरेन्सपुरतं तरी हे खोटं नाही. तिथे १४२७ साली करासाठी घरोघरची नोंद झाली, कातास्तो म्हणतात तिला, घरात माणसं किती, वयं काय, जमीन किती, देणं किती, सगळं लिहिलेलं. त्यावरून अभ्यासकांनी काढलंय की पहिल्या लग्नाच्या वेळी मुलगी साधारण १८ची आणि मुलगा ३०च्या आसपास. म्हणजे डझनभर वर्षांचं अंतर हे तिथे अगदी नॉर्मल होतं. इटालियन लेखक बोकाच्चोने ‘डेकामेरॉन’ (दहा दिवसांत सांगितलेल्या शंभर गोष्टी) लिहिलं ते याच्या पाऊणशे वर्षं आधी, १३४८च्या प्लेगनंतर, पण शहर तेच, आणि त्याच्या सातव्या दिवसाचा विषयच मुळी ठरवून दिलेला आहे, बायकांनी नवऱ्यांना कसकसं बनवलं. इंग्लंडच्या शहरांमधल्या साध्या घरांत जरा वेगळं चालायचं, पोरी काही वर्षं कुणाकडे तरी नोकरीला राहायच्या, चार पैसे गाठीला मारायच्या आणि मग लग्नाचं बघायच्या. पण जिथे जमीन होती तिथे लग्न म्हणजे सरळ व्यवहार, आणि जानुअरी तिथलाच.

चॉसरला हे पक्कं माहीत आहे हं. लग्न ठरतं तेव्हा तो म्हणतो की मेच्या नावावर कुठली कुठली जमीन करून दिली, त्याचे कागद किती झाले, हे सगळं सांगत बसलो तर फार वेळ जाईल. किती सहज टाकलंय बघा! आणि पुढे बागेत, तिला बायको म्हणून तीन कारणांसाठी माझ्याशी प्रामाणिक राहा असं हा बाबा सांगतो, त्यात येशूचं प्रेम आहे, तिची अब्रू आहे, आणि तिसरं म्हणजे माझी सगळी इस्टेट तुझी, हवे तसे कागद कर, उद्याच करून टाकू. हे ऐकून ती रडते, आपल्या अब्रूची ग्वाही देते, आणि लगेच झुडपात बसलेल्या डॅमियनला झाडावर चढायची खूण करते.

लग्नाच्या रात्रीचं वर्णन मात्र अजून कुणी विसरलेलं नाही, मीही नाही. म्हाताऱ्याची नुकती केलेली दाढी, तरी खुंट माशाच्या खरखरीत कातड्यासारखे, ते तो तिच्या कोवळ्या चेहऱ्यावर घासतोय. पहाटे उठून बसतो आणि गायला लागतो, आणि गाताना गळ्याखालची लोंबती कातडी थरथरते. अंगात शर्ट, डोक्याला रात्रीची टोपी. मेला काय वाटलं ते देवाला ठाऊक, असं चॉसर म्हणतो आणि लगेच पुढे सांगूनही टाकतो की तिच्या लेखी या सगळ्याची किंमत एका घेवड्याच्या दाण्याइतकीही नव्हती. तोपर्यंत मे गोष्टीत एक शब्द बोललेली नाही. कुणी तिला विचारलेलंच नसतं. मला विचाराल तर गोष्टीचा खरा कणा इथे आहे, झाडावर नाही.

पण सगळे म्हातारे जानुअरी नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. १३९३च्या सुमारास पॅरिसमधल्या एका वयस्क, खात्यापित्या घरातल्या माणसाने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोसाठी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. घर कसं चालवायचं, नोकर कसे ठेवायचे, बागेत काय लावायचं, स्वयंपाक, अंथरुणातल्या पिसवा घालवायचे सहा उपाय, सगळं. आणि हे कशासाठी, तर मी मेल्यावर तू दुसरं लग्न करशील तेव्हा तुझ्या पुढच्या नवऱ्याने म्हणायला नको की पहिल्याने हिला काही शिकवलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसावं की गहिवरावं कळेना. त्याच पुस्तकात नवऱ्याचे वाट्टेल ते छळ मुकाट सोसणाऱ्या ग्रिसेल्डाची गोष्टही आहे, आणि ती दिल्यावर तो वर म्हणतो की मी काही तसा नवरा नाही आणि तू काही ग्रिसेल्डा नाहीस, तेव्हा तुझ्याकडून एवढी अपेक्षा नाही. असा माणूस विनोदी गोष्टीत कधीच येत नाही, कारण त्याच्यावर हसणार काय?

प्रश्न: आमच्या सरांनी शिकवलं होतं की फाब्लियो म्हणजे बाजारपेठेतल्या सामान्य लोकांचं साहित्य. दुसरीकडे वाचलं की ते दरबारात चालायचं. नक्की काय?

आधी बाकीच्यांसाठी: फाब्लियो म्हणजे जुन्या फ्रेंचमधल्या छोट्या, पद्यातल्या, बहुतेक वेळा चावट गोष्टी, मुख्यतः उत्तर फ्रान्सच्या, साधारण १२०० ते १३४० या काळातल्या. आज दीडशेच्या आसपास शिल्लक आहेत. चॉसरच्या मिलरची (म्हणजे गिरणीवाल्याची), रीव्हची (म्हणजे जमीनदाराच्या कारभाऱ्याची), व्यापाऱ्याची गोष्ट याच घराण्यातली.

तुमचे सर सांगत होते ते जोसेफ बेदियेचं मत, १८९३चं, की शहरं वाढली, व्यापारी वर्ग आला, त्याचं हे साहित्य. मग १९५७मध्ये पेर न्यूक्रोग नावाच्या डॅनिश अभ्यासकाने ते उलटं केलं, म्हणाला की यातली निम्मी गंमत दरबारी प्रेमकवितेची नक्कल आहे, आणि नक्कल कळायला मूळ माहीत हवं ना, म्हणजे ऐकणारे दरबारीच. आता बहुतेक जण मधे कुठेतरी उभे आहेत, की जो जेवायला घालेल त्याच्याकडे गोष्ट सांगणारा जायचा. मला हा सगळा वादच थोडा बाजूचा वाटतो. ऐकलं कुणी हे शोधायचं तर शोधा, पण गोष्टीत जिंकतो कोण ते आधी बघा.

जिंकतो शिकणारा पोरगा. दरवेळी नाही, पण इतक्यांदा की डोळ्यांत भरतं. ऑर्लेआँच्या व्यापाऱ्याच्या बायकोची एक गोष्ट आहे, तिच्यात परगावहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यावर तिचं मन बसतं, नवऱ्याला कळतं, तो विद्यार्थ्याचं सोंग घेऊन अंधारात तिला पकडायला येतो, ती ओळखते, त्याला माडीवर कोंडून ठेवते आणि घरच्या नोकरांना सांगते की तो लोचट विद्यार्थी वर आहे, हाणा! नवरा बेदम मार खातो आणि आपली बायको किती पतिव्रता म्हणून खूश होतो. विद्यार्थी दुसऱ्या खोलीत आरामात. याउलट प्रियकर जर गावचा पाद्री असेल तर त्याची काही धडगत नसते, त्याला बडवतात, बुडवतात, एका गोष्टीत तर मूर्तिकाराच्या बायकोकडे आलेला पाद्री नवरा आला म्हणून लाकडी क्रूसावर नागडा आडवा होतो, मूर्ती असल्याचं सोंग घेऊन, आणि मूर्तिकार हत्यारं काढून म्हणतो की अरेच्चा, ही मूर्ती नीट तासली गेली नाही. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

आता हे असं का? त्या काळात ऑक्सफर्ड, पॅरिसला शिकणारा जो कोणी होता तो कायद्याने चर्चचा माणूस, डोक्याचे केस तसे भादरलेले, कोर्टही चर्चचंच. ११३९च्या चर्चच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनंतर वरच्या पायरीच्या पुरोहिताचं लग्न कायद्याने लग्नच राहिलं नाही. खालच्या पायरीवरच्याला करता यायचं, पण एकदाच आणि विधवेशी नाही, आणि केलं की पुढची बढतीची वाट बंद. म्हणजे बघा, लॅटिन येतं, अक्कल आहे, कविता करता येतात, पण खिशात पैसा नाही आणि बायको करायची सोय नाही, आणि समोर एक अडाणी सुतार नाहीतर तुपाळ व्यापारी, त्याच्याकडे घर, दुकान आणि अठरा वर्षांची बायको. लेखणी मात्र याच्या हातात! मग गोष्टीत तो काय करणार? पैशाला अकलेने हरवणार, आणि सुट्टीच्या दिवशी पाद्र्यालाही हाणून घेणार, कारण त्याच्या हातात नोकरी असते जी याला हवी असते.

मिलरच्या गोष्टीतला निकोलस असाच ऑक्सफर्डचा विद्यार्थी, ज्योतिषाच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसणारा. बायबलमधल्या नोहाच्या वेळेसारखा दुसरा महापूर येणार म्हणून सुताराला छताला टांगलेल्या टबात झोपवतो आणि स्वतः त्याच्या बायकोकडे, अ‍ॅलिसनकडे. पण चॉसर मोठा लेखक आहे म्हणून तो इथे एक पाचर मारतो, निकोलसचा पार्श्वभाग तापल्या लोखंडाने भाजतो, सुताराचा हात मोडतो, चर्चमधला नटवा अ‍ॅब्सोलन नको त्या जागी चुंबन घेऊन बसतो, आणि अ‍ॅलिसनला मात्र काहीच होत नाही. अजिबात काही नाही. अभ्यासक यावर वर्षानुवर्षं भांडतायत.

प्रश्न: चर्चचा एवढा कडक पहारा असताना असलं चावट लिखाण टिकलं कसं?

पहारा कडक होता ही आपली कल्पना आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तेराव्या शतकाच्या शेवटचं एक जाड हस्तलिखित आहे, फ्रेंच ८३७ नंबरचं, त्यात संतांचं, प्रार्थनांचं लिखाण आणि फाब्लियो एकाच बाडात आहेत. ज्याने लिहून घेतलं त्याला काही खटकलं नाही. चर्चमधे गायकांच्या बाकाखाली लाकडात कोरलेली चित्रं असतात, बसायची फळी उलटली की दिसतात, त्यात नवऱ्याला बडवणारी बायको कितीतरी ठिकाणी आहे. म्हणजे चक्क बसायच्या जागेखाली. चॉसर स्वतः मिलरच्या गोष्टीआधी सांगतो की ज्याला ऐकायची नाही त्याने पान उलटावं आणि दुसरी गोष्ट घ्यावी, आणि शेवटी पुस्तक संपवताना या सगळ्याबद्दल माफीही मागून टाकतो. दोन्ही दगडांवर पाय.

प्रश्न: पुस्तकात वाचलं की मध्ययुगात दोघांनी नुसतं हो म्हटलं तरी लग्न लागायचं, साक्षीदार नको, पाद्री नको. मग आईबाप पैसे बघून लग्नं ठरवायचे हे कसं जुळतं?

जुळत नाही, आणि तीच खरी मजा आहे. बाराव्या शतकात पोप तिसऱ्या अलेक्झांडरच्या काळात चर्चचा कायदा असा बसला की मुलगी १२ची आणि मुलगा १४चा झाला, आणि दोघांनी वर्तमानकाळात म्हटलं की मी तुला नवरा म्हणून, बायको म्हणून स्वीकारतो, तर लग्न झालं, देवापुढे पक्कं. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितलं की आधी चर्चमधे जाहीर करा, चोरून करू नका, पण चोरून केलेलं रद्द होत नव्हतं, पाप लागायचं, लग्न मात्र लागलेलंच. हे बंद झालं ते १५६३मध्ये, ट्रेंटच्या परिषदेत, आणि तेही कॅथलिकांपुरतं.

नॉरफोकच्या पास्टन घराण्याची पत्रं शिल्लक आहेत, त्यात १४६९ची एक भानगड आहे जी कुठल्याही गोष्टीच्या तोंडात मारेल. घरची मुलगी मार्जरी आणि घरचाच कारभारी रिचर्ड कॅल, दोघांनी गुपचूप एकमेकांना शब्द दिला. घरचे पेटले. तिचा एक भाऊ लिहितो की माझी बहीण फ्रॅमलिंगममधे मेणबत्त्या आणि मोहरी विकणार असेल तर माझा याला कधीच होकार नाही. प्रकरण नॉरिचच्या बिशपकडे गेलं, त्याने मार्जरीला बोलावून घराण्याची अब्रू, नातेवाईक, सगळं समजावलं आणि विचारलं की नेमके शब्द काय बोललात. तिने शब्द सांगितले, आणि वर म्हणाली की एवढ्याने जर पक्कं होत नसेल तर इथून जायच्या आधी मी ते आणखी पक्कं करते. बिशपला लग्न मान्य करावं लागलं. आईने तिला घरात घ्यायचं नाही असा हुकूम सोडला. आणि गंमत अशी की कॅलशिवाय हिशेब कोण बघणार, तो पुढेही त्या घरचं काम बघत राहिला!

म्हणजे कायदा म्हणतो मुलीचा होकार हवा आणि घर म्हणतं जमीन हवी. जोक या फटीतूनच उगवतो. दुसरी एक गोष्ट, जी फार कमी जण लक्षात घेतात: लग्न एकदा लागलं की सुटका नाही. बायकोच्या व्यभिचारावरून वेगळं राहायची परवानगी मिळायची पण पुन्हा लग्न करता यायचं नाही. त्यामुळे या गोष्टींना घटस्फोटाचा शेवटच उपलब्ध नाही, सगळं उघडं पडल्यावरही संध्याकाळी दोघांनी त्याच घरात जेवायचंय. मग शेवट काय करणार, तर नवऱ्याने थाप मानायची. जानुअरी मूर्ख आहे म्हणून मानतो असं सगळे म्हणतात, मला वाटतं त्याच्याकडे दुसरा रस्ता नाही. डोळे आलेत, बायको समोर उभी आहे, मुलगा होईल अशी आशा आहे. तो तिच्या पोटावरून हात फिरवतो आणि घरी घेऊन जातो.

प्रश्न: नाशपातीच्या झाडाची गोष्ट मूळ पूर्वेकडची का हो?

अगदी मूळ कुठलं ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण चॉसरच्या बरीच आधी ती पूर्वेकडे सापडते हे नक्की. १२७३मध्ये वारलेल्या फारसी सूफी कवी जलालुद्दीन रूमीच्या ‘मसनवी’ या दीर्घ काव्यात ती आहे, तिथे बायको आधी झाडावर चढते, वरून नवऱ्यावरच आरोप करते की अहो, तुमच्यासोबत हा कोण, मग खाली उतरून नवऱ्याला वर पाठवते, आणि तो वरून खरंच जे दिसतंय त्यावर ओरडतो तेव्हा म्हणते की झाडाचाच दोष आहे, मलाही मघाशी तसंच दिसलं. रूमी त्यातून अध्यात्म काढतो, तो भाग वेगळा. बोकाच्चोच्या सातव्या दिवसातही हेच जादूचं झाड आहे. आंधळ्या नवऱ्याची तऱ्हा इटलीतल्या एका जुन्या गोष्टीत मिळते, तिथे प्लुटोच्या जागी देव आणि सेंट पीटर आहेत.

गोष्टींचा रस्ता कुठून होता त्याचं एक पक्कं उदाहरण देते. स्पेनमधल्या वेस्काचा पेद्रो आल्फोन्सो, मूळचा ज्यू, ११०६मध्ये ख्रिस्ती झाला, त्याने अरबी भाषेतून ऐकलेल्या-वाचलेल्या गोष्टी लॅटिनमधे आणल्या. त्यातली एक: नवरा रात्री बायकोला घराबाहेर कोंडतो, ती विहिरीत जीव देते म्हणून ओरडून मोठा धोंडा टाकते, तो घाबरून बाहेर धावतो, ती आत शिरते आणि दाराला कडी. आता बाहेर कोण? अडीचशे वर्षांनी बोकाच्चोने हीच गोष्ट आरेझोच्या तोफानो नावाच्या दारुड्यावर बसवली. आणि आपल्या शुकसप्ततीतला पोपट, जो नवरा परगावी गेल्यावर प्रभावतीला रोज एक गोष्ट सांगून घरात थांबवतो, तो १३३०च्या सुमारास नख्शबीच्या हातून फारसीत तूतीनामा होऊन गेला, त्या पोपटाच्या गोष्टींतही बायकांच्या थापा अशाच तयारीच्या आहेत.

प्रश्न: काही गोष्टींमधे बायकोला मारहाण होते आणि ती विनोद म्हणून सांगितलीय. मला वाचवत नाही. संदर्भ समजून घेतला की हसू येतं का?

नाही येत. यायलाच पाहिजे असंही नाही. १२८३मध्ये फिलिप द बोमान्वारने बोव्हे भागाच्या रीतीभाती लिहून ठेवल्या, त्यात नवऱ्याने बायकोला मारायला मोकळीक आहे, फक्त जीव जाऊ नये आणि अवयव निकामी होऊ नये. म्हणजे ऐकणाऱ्यांना ते रोजचंच होतं. सिर एन आणि त्याची कजाग बायको आनियूज यांची गोष्ट घ्या, नवऱ्याची विजार अंगणात टाकायची आणि दोघांनी मारामारी करायची, जो जिंकेल तो विजार नेसेल, म्हणजे घरात राज्य त्याचं, शेजारी पंच म्हणून बसलेले, आणि ती शेवटी टोपलीत उलटी पडून हरते. यात निदान ती बरोबरीने ठोसे मारते. पण कापलेल्या कुरणाची जी गोष्ट आहे, नवरा म्हणतो विळ्याने कापलंय, बायको म्हणते कात्रीने, तो संतापून तिची जीभ कापतो तर ती बोटांनी कात्री करून दाखवते, ती हट्टीपणाचा जोक म्हणून सांगितली जायची. तिचा संदर्भ मला पूर्ण कळतो आणि ती तरीही मला घाणेरडीच वाटते.

प्रश्न: चॉसरच्या लग्नाच्या गोष्टी एकमेकींना उत्तरं देतात असं म्हणतात, ते काय आहे?

किट्रेज नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९१२मधे मांडलं होतं, की यात्रेतली बाथ गावची बाई म्हणते घरात सत्ता बायकोची, त्यावर यात्रेतलाच ऑक्सफर्डचा विद्यार्थी मुकाट सोसणारी ग्रिसेल्डा काढतो, मग दोन महिन्यांपूर्वीच लग्न होऊन पस्तावलेला व्यापारी जानुअरी काढतो, आणि फ्रँकलिन, म्हणजे यात्रेतला जमीनदार, शेवटी समेट घडवतो. वाचायला छान लागतं. पण चॉसर १४००मध्ये गेला तेव्हा पुस्तक अर्धवट होतं आणि हस्तलिखितांत गोष्टींचा क्रम सारखा नाही, त्यामुळे फ्रँकलिनला न्यायाधीश करून टाकण्याची घाई नको.

प्रश्न: यात बाईचा खरा आवाज कुठे ऐकू येतो का?

चॉसरची बाथची बाई हा बाईचा आवाज नाही, पुरुषाने लिहिलेला आहे, हे आधी कबूल करून टाकू. पण तिच्या तोंडून तो नेमका तो प्रश्न विचारून घेतो जो वर फाब्लियोबद्दल बोलताना आला, लेखणी कुणाच्या हातात? पाच नवरे झालेत, पहिलं लग्न बाराव्या वर्षी, पहिले तिघे म्हातारे आणि पैसेवाले, त्यांच्या जमिनी तिच्याकडे आल्या. चौथ्याच्या प्रेतयात्रेत मागून चालताना तिची नजर कुठे, तर विशीतल्या जँकिनच्या पायांवर, काय पाय आहेत म्हणून! हा ऑक्सफर्डला शिकलेला, हिची चाळिशी. सगळी जमीन प्रेमात त्याच्या नावे केली आणि पस्तावली, कारण इंग्लंडच्या कायद्यात बाई स्वतंत्र असते ती विधवा झाली की, लग्न केलं की पुन्हा सगळं नवऱ्याच्या ताब्यात.

हा जँकिन रोज रात्री शेकोटीपाशी बसून एक पुस्तक वाचून दाखवायचा, दुष्ट बायकांचं पुस्तक, सेंट जेरोमने लग्नाविरुद्ध लिहिलेलं, थिओफ्रास्टसच्या नावावर चालणारं, वॉल्टर मॅपचं, सगळं एकत्र बांधलेलं, आणि वाचून हसायचा. एक दिवस ती पानं टरकावते, त्याच्या गालावर अशी ठेवून देते की तो विस्तवात पडतो, तो उठून तिच्या डोक्यात मारतो आणि तिचा एक कान कायमचा जातो. ती विचारते की सिंहाचं चित्र काढलं कुणी, सांगा की. चित्रात माणूस सिंहाला मारतोय कारण चित्र माणसाने काढलं, सिंहाने काढलं असतं तर? विद्वान पोथ्या लिहितात म्हणून बायका वाईट, बायकांनी लिहिल्या असत्या तर पुरुषांची पापं धुवायला जागा उरली नसती. लक्षात घ्या, या पोथ्या लिहिणारे जवळजवळ सगळे वर सांगितलेले बिनलग्नाचे. आणि एक लग्न केलेला सापडतो, तेराव्या शतकाच्या शेवटचा मॅथिओलस, तर त्याने विधवेशी लग्न केलं म्हणून चर्चमधला दर्जा गेला, त्याचा सगळा राग त्याने बायकांवर काढलाय, लांबलचक लॅटिन विलाप करून.

याच मॅथिओलसचं पुस्तक हातात घेऊन क्रिस्टीन द पिझानने उत्तर लिहिलं, आणि ही खरीखुरी बाई. पंचविशीत विधवा, तीन मुलं, लिहून पोट भरणारी. १४०५च्या तिच्या ‘स्त्रियांचं नगर’ या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की ती मॅथिओलस चाळतेय आणि तिला प्रश्न पडलाय की इतके शहाणे पुरुष बायकांबद्दल एकमुखाने वाईट बोलतात ते का. विनोद मात्र ती करत नाही, सरळ वकिली करते, त्यामुळे चवीचवीने वाचायला आलात तर कदाचित कंटाळाल.

चवीचं हवं असेल तर बोकाच्चोच्या सहाव्या दिवसातली प्रातोची मादोन्ना फिलिप्पा वाचा. तिथे कायदा होता की व्यभिचारात सापडलेल्या बाईला जाळायचं. ती कोर्टात उभी राहून कबूल करते आणि म्हणते की हा कायदा करताना एकाही बाईला विचारलं नव्हतं. मग नवऱ्याला विचारायला लावते की मी तुला कधी नाही म्हटलं का. तो म्हणतो, नाही, कधीच नाही. मग उरलेल्याचं मी काय करू, कुत्र्यांना घालू? कोर्ट हसून लोटपोट आणि कायदा तिथल्या तिथे बदलला. गोष्टच आहे, पण कायदा करताना बाईला विचारलं नाही हे चौदाव्या शतकात कुणीतरी हसत हसत छापलं, म्हणजे हाताने लिहिलं, हे काही थोडं नाही.

प्रश्न: बाथची बाई कुठल्यातरी डुकराच्या मांसाचा उल्लेख करते, ते काय प्रकरण आहे?

ती म्हणते की एसेक्समधल्या डनमोमधे काही जणांना जे बेकन मिळतं ते माझ्या नवऱ्यांच्या नशिबात नव्हतं. तिथल्या मठाची रीत होती, ज्या जोडप्याला लग्नानंतर एक वर्ष आणि एक दिवस एकदाही पस्तावा झाला नाही, त्यांनी शपथेवर तसं सांगायचं आणि डुकराची एक अख्खी बाजू घरी न्यायची. नाव नोंदवलेला सगळ्यात जुना विजेता १४४५चा, नॉरफोकचा. मधे ही रीत बंद पडली, एकोणिसाव्या शतकात पुन्हा सुरू झाली, आणि आता ग्रेट डनमोमधे दर चार वर्षांनी लुटुपुटूचं कोर्ट भरतं, न्यायाधीश, ज्युरी, आणि जोडपं खोटं बोलतंय हे सिद्ध करायला बेकनच्या बाजूने चक्क वकील.